उजळाईवाडीहून निघताना

दादा-वहिनींना घेऊन तिरुपतीला जायचं ठरवलंयस, तेही विमानानं, हे वहिनीकडून कळलं. छान केलंस. तिकीट अजून काढलं नसशील तर आधी हे वाच. काढलं असशील तर जास्तच नीट वाच. तू हैदराबादची. तुला तिथल्या मोठ्या विमानतळाची सवय, आणि ती सवय कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उपयोगी पडत नाही, उलट आड येते. हे गेल्यापासून माझं येणं-जाणं एकटीचंच असतं आणि पोरी दोन टोकांना, त्यामुळं आपलं कोल्हापूरच काय, बेळगावचं सांबरा, नाशिकचं ओझर, वेंगुर्ल्याजवळचं चिपी, नांदेड असं सगळीकडं माझं ताटकळून झालंय.

पहिली गोष्ट म्हणजे लहान विमानतळावर विमान एकच असतं. मुंबईत एक बिघडलं तर कंपनी दुसरं आणून लावते, नाहीतर तीन तासांनी पुढचं असतं. इथं तिकडून एक विमान येतं, माणसं उतरवतं, अर्ध्या-पाऊण तासात तेच माघारी जातं. ते तिकडून सुटलंच नाही तर इथं काही म्हणजे काही नाही. माणसंही तीच. काउंटरवर तुझी बॅग तोलणारी मुलगी थोड्या वेळानं गेटवर पास फाडताना दिसेल आणि मग विमानाच्या पायरीशी उभी असेल. आणि वेळही मोजकी. बऱ्याच लहान ठिकाणी विमानतळ ठरावीक तासच चालू असतो. त्यापुढं टॉवरमध्ये माणूस नसतो, काही ठिकाणी धावपट्टीला दिवेच नसतात. म्हणून मुंबईत विमान उशिरा सुटतं, आणि तशाच कारणानं इथं ते रद्द होतं. सकाळी तिकडं तीन तास खोळंबा झाला की संध्याकाळची फेरी उन्हाबरोबर मावळली समज.

त्यामुळं निघायच्या दिवशी कोल्हापूरचं आभाळ बघत बसू नकोस. मोबाइलवर विमानाचा माग दाखवणारी ॲप्स आहेत, त्यांत तुमचं विमान तिकडून उडालं का ते बघ. तिकडून उडालं की मगच दादाला अंघोळीला पाठव, म्हणजे तो उगाच पहाटे चारला उठून घरभर फिरणार नाही. आणि कंपनीला मोबाइल नंबर तुझा दे. एजंटाचा नंबर तिकिटावर असला की रद्द झाल्याचा मेसेज एजंटाला जातो आणि तो जेवायला गेलेला असतो.

आता दुसरी वाट. तिरुपतीचं तीनशे रुपयांचं दर्शन ऑनलाइन काढणार असशील तर त्यावर तारीख आणि वेळ छापून येते. विमान चुकलं म्हणून बालाजी थांबत नाही. दर्शनाच्या आदल्या दिवशीच पोचायचं असं ठरव, त्याच दिवशीच्या सकाळच्या विमानावर भिस्त ठेवू नकोस. आणि आपल्याकडं हरिप्रिया आहे ना! कोल्हापूरहून निघून मिरज, बेळगाव, हुबळीवरून दुसऱ्या दिवशी तिरुपतीला नेऊन सोडते. विमानं नव्हती तेव्हा अख्खं कोल्हापूर हरिप्रियेनंच जात होतं आणि अजूनही जातं. मी काय करते सांगू? महत्त्वाचं काम असलं की रेल्वेचंही तिकीट काढून ठेवते आणि आदल्या दिवशी विमानाचं चित्र स्पष्ट झालं की ते रद्द करते. थोडे पैसे कापले जातात. वहिनी याला उधळपट्टी म्हणेल. म्हणू दे. रात्री अकरा वाजता तीन माणसांसाठी पुण्यापर्यंत गाडी ठरवायला लागली की उधळपट्टी म्हणजे काय ते कळतं.

बेळगाव विसरू नकोस. सांबरा आपल्यापासून शंभरेक किलोमीटर, हायवेनं दोन-अडीच तास. कोल्हापूरचं जमलं नाही तर पुण्याकडं धावण्याआधी सांबऱ्याचं वेळापत्रक बघायचं. तसंच कुडाळ-सावंतवाडीच्या लोकांना मी सांगते, चिपीबरोबर मोपाही बघा. पण गोव्याचं तिकीट काढताना डोळे उघडे ठेव, तिथं विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि मोपा. एक नौदलाच्या तळावरचं जुनं, दुसरं पेडण्यात 2023 पासून सुरू झालेलं. दोन्हींत तास-दीड तासाचं अंतर. आता मुंबईतही तसंच झालंय, जुनं वेगळं आणि नवी मुंबईचं वेगळं. आणि जुन्यातही टर्मिनल एक की दोन हे बघावंच लागतं.

तारखांचं सांगते. लहान ठिकाणी विमान रोज असतंच असं नाही. आठवड्यातले तीन दिवस, चार दिवस, आणि तेही बदलतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी वेळापत्रक लागतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी. या दोन रविवारांच्या पलीकडची तिकिटं फार आधी काढलीस तर वार बदलला, वेळ बदलली असे मेसेज येत राहतात. नवरात्रात जायचं म्हणतेस ना, ते या दृष्टीनं बरं, कारण ऑक्टोबरच्या शेवटाआधी उरकतं. शिवाय त्या दिवसांत तिरुपती देवस्थानाकडून आपल्या अंबाबाईला शालू येतो. वहिनीला आधी तो बघायचा असेल, मग बालाजी. तिला विचारल्याशिवाय तारीख पक्की करू नकोस, मी सांगितलं नाही म्हणू नकोस.

पेपरात कुठल्या गावाचं विमान सुरू झाल्याची फीत कापलेली बातमी आली की लगेच भरवसा ठेवायचा नाही, हेही शिकून घे. सरकारची उडान योजना आहे. 27 एप्रिल 2017 ला शिमला-दिल्ली विमान निघालं, त्याच दिवशी आपलं नांदेड-हैदराबादही सुरू झालं. यात तिकिटाचा दर आटोक्यात ठेवायचा, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार होता, आणि कंपनीला जो तोटा येईल तो सरकारनं तीन वर्षं भरून द्यायचा. पण हा स्वस्त दर विमानातल्या साधारण अर्ध्याच जागांना असतो, उरलेल्या बाजारभावानं. म्हणून शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं किती दिले ते विचारून जीव जाळून घेऊ नये. आणि तीन वर्षं संपली, मदत थांबली, की कंपनी हिशोब घालून बघते. कित्येक मार्ग तिथंच बंद पडले. काही त्याआधीच, कारण मुंबईत उतरायला जागाच मिळत नाही. सोलापूरकरांचं तर विचारू नकोस. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, त्यावरून गाव दोन भागांत वाटलं गेलं, आणि विमान आलं जून 2025 मध्ये, तेही आधी गोव्याचं. आपल्याकडं विमानतळ राजाराम महाराजांनी 1939 मध्ये करून ठेवला, तरी मधली कित्येक वर्षं तिथं विमान दिसायचं नाही. आता 2024 पासून कमानींची नवी इमारत आहे, चांगली आहे, पण इमारत उडत नाही.

नावाकडं लक्ष दे. यात मी फार माणसं अडकलेली बघितलीत. फॉर्मात पहिलं नाव आणि आडनाव मागतात. आपल्यात बाईचं आधारकार्ड कधी माहेरच्या नावानं, कधी सासरच्या. वहिनीचं लग्नात नाव बदललंय, बँकेत एक आहे आणि आधारवर एक. दादाला सगळं गाव ज्या नावानं हाक मारतं ते त्याचं कागदावरचं नावच नाही. दोघांची आधारकार्डं समोर धर आणि त्यावर अक्षरं जशी आहेत तशी टाइप कर. मोठ्या विमानतळावर चूक झाली तर कंपनीचं ऑफिस असतं, चार माणसं असतात. इथं दारावरचा शिपाई तिकीट आणि कार्ड ताडून बघतो आणि नाही म्हटला की नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून तिकीट काढलं असेल आणि नावातली चूक चोवीस तासांच्या आत कळवलीस तर फुकट दुरुस्त करून द्यावी लागते. म्हणून तिकीट हातात आलं की त्याच रात्री दादाला मोठ्यानं वाचायला लाव. येताना मुंडण करून यायचा बेत असेल तर आधारवरचा केसाळ फोटो आणि समोरचा चकोट दादा, यावरून शिपाई हसेल, पण सोडेल. तिरुपतीच्या, म्हणजे रेणिगुंट्याच्या विमानतळावर त्यांना रोजचंच आहे ते.

सामान. देवाला जायचं म्हटलं की वहिनी पूजेची पिशवी भरणारच, आणि त्यातल्या निम्म्या वस्तू विमानाला चालत नाहीत. कापूर नको, कुठल्याच बॅगेत नको, तो पेट घेणारा माल. काडेपेटी नको. सुक्या खोबऱ्याचा गोटा नको, त्यात तेल असतं म्हणून. ओला नारळ मोठ्या बॅगेत टाकता येतो, पण तिरुमलावर नारळ काय कमी आहेत? कांदा-लसूण चटणी आणि तिखट हातातल्या पिशवीत काढून घेतात, डोळ्यांत फेकता येतं म्हणून. लोणचं, तूप, हे सगळं नीट बांधून मोठ्या बॅगेत. दादाच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवणीनं काढ. तो त्याच्या वडिलांचा आहे, तिथं टोपलीत गेला तर परत येताना आपण सगळे त्याचं तोंड बघत बसू. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला बोलावतात. लहान ठिकाणी निदान हाक मारली की ऐकू येते.

वजनाचं सांगायचं राहिलं. बहुतेक तिकिटांवर पंधरा किलो मोठ्या बॅगेत, सात किलो हातात. पण लहान विमानात डोक्यावरचे कप्पे इतके उथळ असतात की तुझी चाकाची बॅग, मुंबईला सहज मावणारी, तिथं मावत नाही. पायरीशीच काढून खाली पोटात टाकतात. त्यामुळं हातात मऊ पिशवी दे. आणि दोघांच्या गोळ्या, चष्मे, दर्शनाचे कागद, एक पातळ साडी आणि एक सदरा हे सगळं त्या मऊ पिशवीत, काही झालं तरी. कारण ऐक: ऊन तापलं की हवा विरळ होते, विमानाला कमी वजन उचलता येतं, आणि धावपट्टी आखूड असली तर कंपनी कधी कधी बॅगा मागं ठेवून माणसं नेते. जळगावकडं मे महिन्यात माणसं रिकाम्या हातांनी उतरली आणि बॅगा दुसऱ्या दिवशी आल्या, असं होतं. कधी बॅगांऐवजी माणसांनाच जागा बदलायला सांगतात, मागचे चौघे पुढं या म्हणून. तोल साधायला असतं ते. दादाला आधी सांगून ठेव, नाहीतर तो म्हणेल, मी खिडकीचे पैसे भरलेत.

वेळेत पोच, पण फार लवकर नको. काउंटर विमान सुटायच्या दोनेक तास आधी उघडतं, त्याआधी गेलात तर काही ठिकाणी आतसुद्धा घेत नाहीत, बाहेरच्या बाकावर बसावं लागतं. आणि साठ मिनिटं राहिली की काउंटर बंद. इथं खरंच बंद होतं, कारण तीच मुलगी उठून गेटवर जाते; मागं कुणी उरतच नाही गयावया करायला. आत खायला चहा, बिस्किट आणि गार सामोसा यापलीकडं धरून चालू नकोस. दशम्या आणि सुकी भाजी बांधून ने, त्या तपासणीत अडवत नाहीत. ओझरला गेलीस कधी तर फोटो काढू नकोस, तिथं एचएएलचा विमानांचा कारखाना आहे. दाबोळीलाही फोटो नकोत, तो नौदलाचा तळ.

वहिनीच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच माग, तिथं जाऊन नको. खुर्च्या एक-दोनच असतात आणि वारीचे दिवस असले की सगळ्यांचेच गुडघे दुखतात. इथं बोगद्यातून विमानात जायचं नसतं, मैदानातून चालत जाऊन जिना चढायचा असतो. कुठलं विमान आहे ते तिकिटावर लिहिलेलं असतं, ते बघ. पंख्याचं, म्हणजे एटीआर असेल तर दार मागच्या बाजूला, आणि जिना दारालाच जोडलेला, पाच-सहा पायऱ्यांचा, पण अरुंद. त्यात मागच्या रांगा घे. पंख्यांचा आवाज पुढं-मध्ये जास्त असतो आणि उतरताना मागचे पहिले उतरतात. पंख उंचावर असल्यामुळं खालचं सगळं स्वच्छ दिसतं, दादाला पंचगंगा दाखव. मधल्या खिडक्यांतून चाक खाली येताना दिसतं, ते बघून वहिनीला वाटेल काहीतरी निखळलं. आधी सांग. जेट असेल, एम्ब्रेअर, तर मधली खुर्ची नावालाही नाही, म्हणजे तिघांत एक जण पलीकडं बसणार. तो तू बस. पदराला पिन लावायला सांग, मैदानात वारा फार असतो. पाऊस असला तर ते लोक मोठ्या छत्र्या धरतात, स्वतःची उघडू नका.

कुठल्या वेळचं विमान घ्यावं, हे ऋतूवर आहे. उन्हाळ्यात सकाळचं घ्यावं. दुपारी तापलेली हवा वर उसळते आणि लहान विमान खालून उडत असल्यामुळं फार हलतं, वहिनीला एसटीतही उलटी होते हे तुला ठाऊक आहे. थंडीत मात्र पहाटेचं टाळ, धुकं असतं. शिर्डीला 2019 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कित्येक दिवस एकही विमान उतरलं नाही, कारण तिथं पायलटला डोळ्यांनी बघूनच उतरावं लागायचं आणि त्यासाठी पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं. भाविक हॉटेलात, विमानं दुसऱ्या गावी. पावसाळ्यात कोकणाकडची वाट शक्यतो घेऊच नये. चिपीच्या सड्यावर ढग टेकले की विमान घिरट्या घालून गोव्याला नाहीतर माघारी जातं.

आणि रद्दच झालं तर? आरडाओरडा करायचा नाही. ती मुलगी एकटी असते आणि तिच्या हातात काही नसतं. तिला दोन गोष्टी शांतपणे मागायच्या: पुढच्या विमानात जागा की पूर्ण पैसे परत, हे आपण ठरवणार, आणि रद्द का झालं ते मेसेजवर किंवा कागदावर. कारण महत्त्वाचं आहे. हवामान किंवा टॉवरची अडचण असेल तर भरपाई मिळत नाही, तिकिटाचे पैसे तेवढे मिळतात. कंपनीचीच चूक असेल आणि आयत्या वेळी सांगितलं असेल तर डीजीसीएच्या नियमानं भरपाईही आहे: तासाभराच्या विमानाला पाच हजार, एक ते दोन तासांच्या विमानाला साडेसात हजार, किंवा मूळ भाडं अधिक इंधनाचा आकार, यांत जे कमी ते. दोन तासांवर उशीर झाला तर खाणं-पिणं त्यांनी द्यायचं, सहा तासांवर जाणार असेल तर पैसे परत मागता येतात. पैसे पुढच्या तिकिटासाठी खात्यात ठेवतो म्हणाले तर नको म्हण, ते आपल्या मर्जीवर आहे. नाहीच ऐकलं तर सरकारची एअरसेवा आहे, तिथं तक्रार टाक. मी टाकलेली आहे, उत्तर येतं, जरा उशिरा येतं.

जोड विमानं घेत असशील, कोल्हापूर ते हैदराबाद आणि मग पुढं तिरुपती, तर दोन्ही एकाच पीएनआरवर घे, चार पैसे जास्त पडले तरी. मग पहिलं चुकलं तर दुसऱ्याची काळजी कंपनीची. वेगवेगळी काढलीस तर दुसरी कंपनी ओळख दाखवत नाही. मध्ये दोन तास तरी ठेव. दादा तुझ्या हैदराबादच्या विमानतळावर पाटी वाचल्याशिवाय पुढं पाऊल टाकत नाही.

येताना लाडू हातात चालतात, डबा ने, कागदाच्या पिशवीतून तूप झिरपतं. उजळाईवाडीला उतरल्यावर पट्ट्यावर बॅग दहा मिनिटांत येते, पण बाहेरचे रिक्षावाले विमानातल्या पहिल्या माणसांबरोबर गेले की परत येत नाहीत, पुढचं विमान येईपर्यंत. ॲपवरची गाडी मिळेलच असं नाही. तू बॅगांजवळ थांब आणि दादाला आधी बाहेर पाठवून रिक्षा धरायला लाव. भाव तोच करेल, तू मध्ये पडू नकोस. आणि मला एक लाडू आख्खा ठेव, फोडलेला नको.